मक्याचा खरवस
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वी माझी पुतणी नोकरीनिमित्त अमेरिकेत, बोस्टनला होती. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "काका, काल हॉटेलातल्या यादीत 'इंडियन पुडिंग' दिसलं. आपल्याकडचं काहीतरी असेल म्हणून मागवलं. आलं ते तपकिरी, थलथलीत, दिसायला काही खास नाही. पण चव कशाची होती सांगू? आजीच्या मक्याच्या खरवसाची!"

आजी म्हणजे माझी आई. पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या माळावर तिचा जन्म गेला. बोस्टन हे गावाचे नाव आहे की माणसाचे, हेही तिला सांगता आले नसते. तिच्या चुलीवरचा पदार्थ सात समुद्रापलीकडच्या हॉटेलात कसा पोचला? किंवा तिकडचा इकडे कसा आला? जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न पडला की झोप लागत नाही. मी पुस्तके चाळायला लागलो. जे हाती आले ते आज सांगतो आहे. त्यात पाककृतीही आहे, पण ती शेवटाकडे. आधी तो मका आणि ती काकवी आमच्या घरात कोणत्या वाटेने आली ते सांगायला हवे, कारण दोन्हींची वाट सरळ नाही.

प्रथम त्या 'इंडियन' शब्दाविषयी. १४९२ मध्ये कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला आणि पोचला भलतीकडे. तिथल्या माणसांना त्याने इंडियन म्हटले आणि ती चूक पुढे कायम झाली. त्या माणसांचे मुख्य धान्य मका. इंग्लंडहून तिकडे जाऊन राहिलेल्या लोकांनी मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणायला सुरुवात केली. इंग्लंडात ते गव्हाचे किंवा ओटचे पीठ दुधात शिजवून घाईघाईची खीर करीत. इकडे गहू नीट येईना म्हणून त्यांनी मका घेतला. दूध, मक्याचे पीठ आणि उसाची मळी एकत्र करून विटांच्या भट्टीत मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचे, म्हणजे इंडियन पुडिंग. अमेलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' नावाचे पुस्तक १७९६ मध्ये हार्टफर्ड या गावी छापले गेले. अमेरिकन माणसाने लिहिलेले ते पहिले पाकपुस्तक मानतात. त्यात या पुडिंगचे तीन प्रकार दिले आहेत. एक अंडी आणि मनुका घालून दीड तास भाजायचा, श्रीमंती थाटाचा. आणि एक साधा, भांड्याचे तोंड बांधून बारा तास उकडायचा. गरिबाकडे लोणी नसते, पण वेळ आणि जळण असते असा त्याचा अर्थ मी लावला. बोस्टनमध्ये डर्गिन पार्क नावाची एक फार जुनी खाणावळ या पुडिंगसाठी प्रसिद्ध होती. ती २०१९ मध्ये बंद झाली.

आता मका आपल्याकडे कसा आला? मक्याचे मूळ दक्षिण मेक्सिकोत. तिथल्या एका रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने तो घडवला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला असे बहुतेक अभ्यासक मानतात. यावर एक वादही झाला. कर्नाटकात सोमनाथपूरचे होयसळ देऊळ आहे, तेराव्या शतकातले. तिथल्या मूर्तींच्या हातात कणसासारखे काहीतरी आहे. १९८९ मध्ये काही अमेरिकन अभ्यासकांनी ती मक्याचीच कणसे असल्याचे मांडले, म्हणजे कोलंबसाच्या आधी दोनशे वर्षे मका इथे होता! इतरांनी ते मोत्यांचे काल्पनिक फळ आहे म्हणून खोडून काढले. मी स्वतः ते देऊळ पाहिले आहे. मूर्तीच्या हातातले ते फळ पाहून क्षणभर माझाही गोंधळ झाला, हे कबूल करतो. पण जमिनीतून त्या काळच्या मक्याचा पुरावा मिळत नाही तोवर नुसत्या दगडावर विसंबता येत नाही.

काही असो, आमच्या बीड भागात मका आला तरी घरात शिरला नाही. आमचे राज्य ज्वारीचे. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून थंडीत पिकणारी शाळू ज्वारी हीच भाकरी आणि तिचाच कडबा जनावराला. मका तसा नाही. तुरा येण्याच्या वेळी त्याला पाणी लागते. तेव्हा आठ-दहा दिवस पावसाने ओढ दिली की कणसात दाणे भरत नाहीत. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात असे पीक कोण करील? बांधाच्या कडेला चार ताटे, पोरांना भाजून खायला, एवढीच त्याची जागा. पिठाच्या डब्यात त्याला जागा नव्हती.

पिठाच्या डब्यात तो येई तो दुष्काळात. आणि इथे गोष्ट बदलते.

१८९९ चा पाऊस गेला आणि पश्चिम व मध्य हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८९१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती; १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे उणी. त्यांत मेलेली किती आणि देशोधडीला लागलेली किती याची वाटणी आता कोणी करू शकणार नाही. त्या वेळी न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली, अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मका दिला, आणि मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाची आगबोट सुमारे २ लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास मका घेऊन मुंबईकडे निघाली. मिशनऱ्यांच्या मार्फत तो वाटायचा होता. आमच्या आष्टीला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. तिथले रॉबर्ट ह्यूम हे मुंबईतच जन्मलेले. त्यांना दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले.

ज्यांनी दिले त्यांनी मनापासून दिले, यात शंका नाही. पण भुकेल्याला धान्य देताना ते शिजवायचे कसे हेही द्यावे लागते. १८४६ मध्ये आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा तिथेही अमेरिकेचा मका आणला होता. दाणा इतका टणक की साध्या जात्यावर तो भरडेना. अर्धवट शिजलेला खाऊन पोटे बिघडली. लोकांनी पंतप्रधान पील यांच्या नावाने त्याला 'पीलचा गंधक' म्हटले. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्याने साल सुटते, पीठ मऊ होते, आणि त्यातले नायसिन नावाचे जीवनसत्त्व अंगी लागते. ही युक्ती बोटीत चढलीच नाही. नुसते धान्य चढले. परिणाम असा की स्पेन, उत्तर इटली आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्या गरिबांना मक्याखेरीज दुसरे काही खायला नव्हते, त्यांना पेलाग्रा हा कातडी सोलणारा रोग झाला. गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही पण म्हणतो: चुन्याची डबी आमच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या चंचीत होती. मका शिजवताना ती उघडायची, एवढे सांगणारे कोणी नव्हते.

आजीचा जन्म त्या मोठ्या दुष्काळानंतरचा. तो भोगला तिच्या आईने. पण आजीच्या बोलण्यात तो कालपरवा घडल्यासारखा येई. कोणी ताटात टाकले की ती म्हणे, "पिवळं खायची येळ येऊ नये, मंग कळंल." पिवळे खाणे म्हणजे वाईट दिवस. पिवळे म्हणजे काय, हे आम्ही पोरे विचारत नसू. ते आम्हाला १९७२ ने दाखवले.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. लागोपाठची वर्षे पावसाने मारली होती आणि त्या वर्षी तर पेरलेलेही उगवले नाही. दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यांत आमच्या घरातली तीन: आई, वडील आणि वय चोरून मी. कामावर सुकडी मिळे. मूठभर, कोरडी, गोडसर. ती मी चड्डीच्या खिशातून धाकट्या भावासाठी आणीत असे. रेशनवर मिलो मिळे, तांबडी ज्वारी, अमेरिकेहून आलेली. आणि अधूनमधून मका. मिलोची भाकरी थापताना चिरे, गार झाली की वातड होई. ज्वारीच ती, आमच्याच मालदांडीची चुलत बहीण. पण तिकडे ती जनावरांना घालतात, ही बातमी कुठूनशी गावात पोचली होती आणि बायकांच्या मनातून ती उतरली ती उतरलीच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते धान्य भीक म्हणून आले असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात पीएल ४८० या कायद्याखालची सवलतीची अमेरिकन मदत १९७१ च्या अखेरीस थांबली होती, आणि १९७२-७३ मध्ये आपल्या सरकारने परदेशातून जे धान्य आणले ते मुख्यतः रोख पैसे मोजून. म्हणजे ते विकतचे होते. शिवाय आम्ही रेशनच्या दुकानात पैसे देत होतो, आणि ते पैसे खडी फोडून मिळवलेले होते. तरीही रांगेत उभे राहिलेल्या माणसांची मान खालीच असे. हे मला पुस्तकात वाचल्यावर कळले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि आजी जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. तिला सांगता आले असते तर बरे झाले असते.

आजी मिलो खायची, कारण शेवटी ती ज्वारी होती. मका मात्र तिने तोंडात घातला नाही. "हे जनावराचं खाणं हाय. मी न्हाई खायची." आई म्हणे, "आत्याबाई, घास तर घेऊन बघा." आजी पाणी पिऊन झोपायची. त्या वेळी मला तो हट्ट वाटला. आता तसे वाटत नाही.

१९७३ ला पाऊस झाला. रेशनच्या मक्यातले दोन-चार मुठी दाणे वडिलांनी राखून ठेवले होते, ते त्यांनी विहिरीच्या पाटालगत टोचले. उगवले. कणसे लहानमोठी, दाणे वेडेवाकडे, पण आली. तेच बियाणे पुढच्या वर्षीही लावले. पण बैलाचे, बियाण्याचे, दुकानदाराचे कर्ज एका पावसाने फिटत नव्हते, आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर आमच्या घरात कोयता आला.

कोयता हा शब्द बीड जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांना उलगडून सांगतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसते हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो, त्या उचलीपायी ती जोडी साखर कारखान्याच्या हंगामभर, पाच-सहा महिने, उसाच्या फडात राबते. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाण्याच्या मुलखात ऊस, आणि तो तोडायला बिनपाण्याच्या मुलखातली माणसे. पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी. आमच्या गावांतून दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. मी आणि माझा भाऊ असेच मागे राहिलेले.

१९७४ च्या उन्हाळ्याच्या तोंडी आई-वडील परतले तेव्हा गाडीत एक पत्र्याचा डबा होता. येताना वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर त्यांनी मुक्काम केला होता. तिथे आईने दोन दिवस चुलवणात चिपाडे घातली आणि मजुरीऐवजी डबाभर काकवी मागून घेतली. रस आटवून गूळ होण्याआधीची, मधासारखी ओघळणारी ती काकवी. महिनोन्‌महिने टिकते. आईने ती उतरंडीत वर ठेवून दिली.

आता पुन्हा बोस्टनकडे वळतो, कारण पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर या डब्यात आहे. ऊस हे मूळ न्यू गिनीकडचे गवत. पण त्याचा रस आटवून गूळ आणि खडीसाखर करायची विद्या हिंदुस्थानात वाढली. आपल्या 'शर्करा' शब्दातूनच जगातल्या कित्येक भाषांना साखरेचे नाव मिळाले. ऊस पश्चिमेकडे सरकत सरकत गेला. १४९३ मध्ये आपल्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने उसाची कांडी वेस्ट इंडीजमध्ये नेली. तिथे उसाचे मळे पिकले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर. साखर निघाल्यावर उरणारी मळी स्वस्त, ती पिंपे भरभरून बोस्टनला जाई. बरीचशी दारू गाळायला, थोडी पुडिंगात. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामी १८३४ मध्ये उठली तेव्हा मळ्यांना माणसे हवी झाली. मग कराराने हिंदुस्थानी मजूर बोटींत भरले गेले. मॉरिशसला त्यांच्याबरोबर मराठी माणसेही गेली, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

म्हणजे ऊस इकडून तिकडे गेला, मका तिकडून इकडे आला. तिकडे दोन्ही एका भांड्यात पडले आणि इकडेही पडले. आईने कुणाची नक्कल केलेली नव्हती. ज्या घरात भुकेच्या दिवसांतला मका शिल्लक आहे आणि ऊस तोडून आणलेली काकवी आहे, तिथे बाईच्या हाताने दुसरे काय होणार? आमच्याकडे तर भाजायची रीतही तयार होती. देवाला रोडगे करतो ते गोवऱ्यांच्या आरातच भाजतो. खाली विस्तव, वर विस्तव ही गोष्ट आमच्या बायकांना कोणी शिकवायला नको.

दसऱ्याच्या आठवड्यात, कोयता निघायच्या आधी आई तो करायची. नंतर दरवर्षी तेव्हाच. आता रीत सांगतो.

कणसे गावरान मक्याची हवीत आणि दाणा चिकात हवा: नख लावले की दूध उडाले पाहिजे. पाणी उडाले तर कोवळे, काहीच उडाले नाही तर जून. सहा कणसे किसणीवर किसून घ्यायची, आणि किसल्यावर सुरीच्या पाठीने बुरकुंडे खरवडायचे, कारण खरा चीक तिथेच अडकतो. अर्धा लिटर दूध थोडे आटवायचे, त्यात कीस घालून मंद आचेवर हलवत राहायचे. पाच-सात मिनिटांत ते पिठल्यासारखे दाटते. मग भांडे उतरवून कोमट होऊ द्यायचे. इथे घाई करू नका. गुळाच्या जातीचे काहीही गरम दुधात पडले की दूध फाटते. पहिल्या वर्षी आईचे फाटले होते. कोमट झाल्यावर वाटीभर काकवी, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, सुंठ, आणि असले तर जायफळ. आमच्याकडे जायफळ नसे.

मग पातेल्याला तूप लावून तळाला आणि कडेने कणसाचा कोवळा पाला अंथरायचा. तो तळ जळू देत नाही आणि वासही देतो. वर मिश्रण ओतायचे. चुलीतली लाकडे काढून घ्यायची, नुसत्या फुफाट्यावर पातेले ठेवायचे, वर लोखंडी तवा पालथा आणि तव्यावर निखारे. तास-सव्वा तास. मध्ये उघडून पाहायचे नाही. आई वासावर ओळखायची. आधी दुधाचा वास येतो, मग भाजक्या कणसाचा, आणि शेवटी काकवी करपण्याच्या अगदी अलीकडचा एक वास येतो. तेव्हा वरचे निखारे काढायचे आणि तसेच गार होऊ द्यायचे. गरम असताना कापला तर चिखल होतो. गार झाला की खरवसासारख्या वड्या पडतात, वरून तपकिरी, आतून पिवळ्या. कडेला थोडे पाणी सुटते, त्याची चिंता करू नये. बोस्टनच्या पुडिंगालाही सुटते असे पुतणी म्हणाली.

आता चुली गेल्या. माझी सून हे ओव्हनमध्ये १६० अंशांवर सव्वा तास करते आणि चांगले होते. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाला वाळू घालावी, वर जाळी ठेवून त्यात भांडे ठेवावे. अडचण मक्याची आहे. बाजारात मिळतो तो स्वीटकॉर्न. त्यात साखर जास्त, पिष्ट कमी. तो घट्ट धरत नाही, आणि काकवी घातल्यावर गोडाने जीभ बधिर होते. नाइलाज असेल तर त्यात दोन चमचे ज्वारीचे पीठ घालावे आणि काकवी निम्मी करावी. ज्वारीमुळे तो जास्तच आमचा होतो, असे मला वाटते. सुनेला तसे वाटत नाही.

मका मात्र आता जिल्ह्यात पोत्यांनी होतो. कोंबड्यांच्या खाद्याला जातो, जनावरांच्या मुरघासाला जातो, अलीकडे इथेनॉललाही जातो. २०१८ मध्ये अमेरिकेतलीच मूळची लष्करी अळी भारतात आली, तिने पोंगे खाल्ले, तरी शेतकऱ्याने मका सोडलेला नाही. पण पोत्यांनी विकणाऱ्या घरांत विचारले तर खायला म्हणून मका कोणी ठेवत नाही. आणि दसऱ्यानंतर कोयते अजूनही जातात.

आजीचे सांगायचे राहिले. १९७४ च्या त्या पहिल्या खरवसाच्या दिवशी आईने तिच्यापुढे वडी ठेवली. आजीने ताटली सरकवून दिली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघायची होती आणि तिला बांधाबांध करायची होती. आम्ही दोघा भावांनी आजीचीही वडी खाल्ली. पातेल्याच्या तळाला पाल्याला चिकटलेली खरवड राहिली होती, ती सकाळी खायची म्हणून आम्ही झाकून ठेवली.

पहाटे गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओढ्यापलीकडे जाईपर्यंत आम्ही उभे होतो. घरात येऊन मी पातेले उघडले. तळ लख्ख होता, पालाही चाटून पुसून कडेला ठेवलेला.

मी आजीकडे पाहिले. ती जात्यावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मांजरानं खाल्लं असंल."

आमच्या घरी मांजर नव्हते.